जुन्नरचे घर: विकायचे की राखायचे?

गेल्या वर्षी रमजान सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी आमच्या जुन्नरच्या घरी सगळे जमले होते. मुंब्र्याहून माझे दीर आणि जाऊ, पुण्याच्या कोंढव्याहून थोरल्या नणंदबाई, संगमनेरहून धाकटी नणंद. सासऱ्यांच्या इंतकालाला दीड वर्ष झाले होते. सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. जेवणे झाली, दस्तरखान उचलला, आणि ज्यासाठी सगळे आले होते तो विषय दिरांनी काढला.

"भाईजान, गिऱ्हाईक तयार आहे. घर पाडून खाली गाळे आणि वर फ्लॅट काढायचं म्हणतो. भाव बरा देतोय. आपण किती दिवस ही जुनी लाकडं सांभाळत बसणार?"

माझे मिस्टर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. घर त्या चौघा भावंडांचे, मी पडले सून. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गंमत अशी की, वीस-बावीस वर्षांपूर्वी याच घरात नवी नवरी होऊन आले तेव्हा मीच एसटीडी बूथवरून अम्मीला फोन करून रडले होते, की मला पुण्याला परत घेऊन जा. मी पुण्याच्या कॅम्पात वाढलेली. इथे आठ वाजता बाजार बंद, नऊ वाजता गल्ली सामसूम. तेव्हा हे घर मला तुरुंग वाटे. आता ते पाडणार म्हटल्यावर माझ्याच पोटात का तुटावे?

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे असे एखादे घर जुन्नर, पैठण, खुलताबाद, चौल किंवा राजापूर अशा जुन्या गावात असते. मुले शहरात, घराला कुलूप, आणि ईदला जमल्यावर हाच प्रश्न. म्हणून आमच्या घरची गोष्ट आणि आमच्या गावाची गोष्ट दोन्ही एकत्र सांगते.

शहर जवळ, पण अंगावर नाही

जुन्नर पुण्यापासून साधारण नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर आहे. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत यायचे आणि तिथून डावीकडे वळायचे. चाकणला गाड्यांची रांग लागली नाही तर अडीच तासांत माणूस घरी पोहोचतो. लागली, तर किती वेळ जाईल ते अल्लाहच जाणे. मुंबई-ठाण्याकडचे लोक कल्याण, मुरबाडवरून माळशेज घाट चढून येतात. संगमनेर, नाशिक उत्तरेला. म्हणजे आमची चार भावंडे चार दिशांना असली तरी जुन्नर प्रत्येकाला एका दिवसात जाऊन-येऊन करता येण्याजोगे आहे. मय्यत असो की मंगनी, कोणी अडून राहत नाही.

माझे मिस्टर चाकणच्या एका कारखान्यात आहेत. आम्ही चौदा वर्षे कोंढव्यात भाड्याने राहिलो. २०२० साली टाळेबंदीत कारखाना बंद पडला, भाडे मात्र चालूच, तेव्हा सामान टेम्पोत भरून सासऱ्यांकडे आलो. "दोन महिन्यांनी परत जाऊ" असे ठरवून आलो होतो. परत गेलो नाही. आता मिस्टर पहाटे दुचाकीने नारायणगावला जातात आणि तिथून कंपनीच्या बसने चाकण. जायला-यायला मिळून चार तास मोडतात. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण गावाचे गोडवे गाताना लोक हा हिशेब लपवतात.

पण चार तासांच्या बदल्यात काय मिळाले, तेही सांगायला हवे. कोंढव्यात पगाराचा तिसरा हिस्सा घरभाड्यात जात होता, तो वाचला. पाण्याच्या टँकरची वाट पाहणे संपले. सासऱ्यांची शेवटची तीन वर्षे नातवंडांसोबत गेली. आमच्या मुलाला त्याच्या दादांनी शिवनेरीवर चढायला शिकवले आणि विळ्याने ऊस सोलायला शिकवले. कोंढव्यात तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पतंग उडवायचा.

शहराच्या जवळ असून शांत असणे ही या भागाची जुनीच दौलत आहे. तालुक्यातच खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात उभ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या फार क्षीण लहरी टिपायच्या, तर आसपास माणसाने निर्माण केलेला गोंगाट कमी असावा लागतो. शास्त्रज्ञांनी देशभर शोध घेऊन ही जागा निवडली, त्यामागचे हे एक मोठे कारण. पुण्यापासून दीड-दोन तासांवर अशी शांतता त्यांना मिळाली. आम्हाला ती रोज फुकट मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही.

आमच्या गल्लीत दोन हजार वर्षे

जुन्नर म्हणजे जीर्णनगर, जुने नगर, असे सांगतात. नावातच वय आहे. घाटावरून कोकणात उतरणारा नाणेघाट इथूनच जवळ. सातवाहन राजांच्या काळात कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून येणारा माल याच वाटेने वर चढे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण अजून उभा आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, अशी समजूत आहे. वरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे.

गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त बौद्ध लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे क्वचितच सापडतील. मला त्यांतले दानलेख फार आवडतात. धान्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून सात खोल्यांचे एक लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. स्वतःला 'यवन' म्हणवणाऱ्या, म्हणजे बाहेरदेशाहून आलेल्या दात्यांचीही नावे आहेत. कोणी टाके दिले, कोणी भोजनगृह. दूरदेशाहून आलेला माणूस इथे पैसा कमावून गेला नाही, तर वाटसरूंसाठी पाणी ठेवून गेला. परक्याला आपले करून घेण्याची आणि परक्यानेही गावाचे होऊन राहण्याची रीत इथे इस्लाम येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

नंतर बहमनी काळ आला. जुन्नर हे सुभ्याचे ठाणे झाले. इथला सुभेदार मलिक अहमद याने १४९० साली स्वतंत्र कारभार सुरू केला आणि निजामशाही उभी राहिली. चार वर्षांनी त्याने स्वतःच्या नावाने अहमदनगर वसवले, म्हणून सगळे निजामशाहीला नगरची म्हणतात. पण तिचा पाळणा जुन्नरला हलला. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगलांशी झुंजत असताना मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी काही वर्षे पुन्हा जुन्नरला आणली. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कर्ता पुरुष झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आणि १६३० साली त्याच शहाजीराजांच्या पुत्राचा, शिवाजी महाराजांचा जन्म आमच्या डोक्यावरच्या शिवनेरीवर झाला.

शिवनेरीवर चढताना सात दरवाजे लागतात. वर शिवजन्माची इमारत आहे, शिवाई देवीचे मंदिर आहे, गंगा-जमुना नावाची थंड पाण्याची टाकी आहेत, आणि दोन मिनारांना जोडणाऱ्या कमानीची 'कमानी मशीद' आहे. खाली गावाच्या कुशीत हापूसबाग आहे. हे नाव 'हबशी बाग'वरून आले असे म्हणतात. तिकडे शेतांच्या मध्ये सौदागर घुमट उभा आहे. कोणा व्यापाऱ्याची ही कबर, पण इमारत अशी की सुलतानाला शोभावी. आमच्या लहानग्याला शाळेत 'तुमचे लोक कुठून आले?' असे एका मुलाने विचारले, तेव्हा तो घरी येऊन हिरमुसून बसला. सासरे त्याला दुसऱ्या दिवशी घेऊन गेले ते थेट घुमटापाशी. म्हणाले, "हे बघ. ही वीट कुठून आली? या मातीतून. आपण पण तिथूनच आलो."

शहरात हे उत्तर द्यायला मला पुस्तक शोधावे लागले असते. इथे आजोबांनी नातवाचा हात धरून ते दाखवले.

घोडा परत मिळाला, त्याची गोष्ट

जुन्नरचे नाव रशियाच्या साहित्यातही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १४७० च्या सुमारास त्वेर शहराचा अफनासी निकितीन हा व्यापारी होर्मुझहून जहाजात एक घोडा घालून चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळाभर तो इथे अडकला. रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने त्याचे हे टिपण प्रसिद्ध आहे. जुन्नरचा पाऊस तेव्हाही असाच होता, हे वाचून मला हसू आले.

पण पुढची हकीकत हसण्यासारखी नाही. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही असे कळल्यावर खान म्हणाला, आमचा दीन स्वीकारलास तर घोडा देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही स्वीकारलास तर घोडा जाईल आणि हजार नाणी तूच भरशील. विचार करायला चार दिवसांची मुदत दिली. परका देश, ओळखीचे कोणी नाही, आणि विकायला आणलेला घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात.

त्याच दिवसांत खुरासानचा एक खोजा महंमद तिथे आला. निकितीनने त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. खोजा महंमद स्वतः खानाकडे गेला, या परदेशी माणसावर जबरदस्ती करू नये म्हणून त्याने रदबदली केली आणि घोडा सोडवून आणून दिला.

ही गोष्ट मी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना नेहमी सांगते. त्यात खानही मुसलमान आहे आणि खोजाही. एकाच्या हाती सत्ता होती, दुसऱ्याच्या मनात इन्साफ होता. इतिहासात राहायचे म्हणजे फक्त अभिमानाच्या गोष्टी छातीशी धरणे नव्हे. आपल्यातल्या असदखानालाही ओळखता आले पाहिजे. मोठ्या शहरात आपण आपापल्या वस्तीत राहतो आणि एकमेकांविषयी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवतो. लहान गावात समोरचा माणूस रोज दिसतो, त्यामुळे अन्याय कोण करतो आणि कोण मध्ये पडतो, हे सगळ्यांना माहीत असते.

नावाने ओळखणारे गाव

आमच्या घराच्या मागच्या खोलीची एक भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा वेगळी आहे. चुन्याने घोटून घोटून इतकी गुळगुळीत केलेली, की हात लावला तर थंडगार लागते. मी नवी होते तेव्हा मला ती फक्त जुनाट वाटायची. मग एकदा सासऱ्यांनी सांगितले की त्यांचे पणजोबा कागदी होते. पूर्वी जुन्नरी कागदाला मोठे नाव होते, आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. जुने ताग-गोणपाट कुजवायचे, चुन्यात भिजवायचे, कुटायचे, नदीच्या पाण्यात धुवायचे, लगदा हौदात कालवून जाळीवर उचलायचा, आणि ओला ताव गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचा. मग खळ लावून दगडाने घोटायचा. कुकडीच्या पाण्यात धुतलेल्या त्या कागदावर लोकांनी हिशेब लिहिले, खतपत्रे लिहिली, पोथ्याही लिहिल्या. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. राहिली ती भिंत.

खरेदीदाराच्या नकाशात त्या भिंतीच्या जागी जिना होता.

इथे राहण्याची खरी ओढ मला विचाराल तर ती स्वस्ताईत नाही आणि हवापाण्यातही नाही. इथे माणसाला नाव असते, ही ती ओढ आहे. कोंढव्यात चौदा वर्षांत मी 'बी-विंग, तीनशे चार' होते. जुन्नरला पाच रस्त्याच्या भाजीवालीला माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते ठाऊक असते. किराणा दुकानदार काका सासऱ्यांच्या जनाज्याला कब्रस्तानापर्यंत चालत आले होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून जेवणाचा डबा आला. त्यांच्या आईच्या दहाव्याला आमचे मिस्टर घाटावर उभे होते. रमजानमध्ये आमच्याकडून खजूर आणि फिरनी जाते, दिवाळीत त्यांच्याकडून करंज्या येतात, आणि त्यांच्या वहिनी माझ्याकडून खिचड्याची कृती दरवर्षी विचारून दरवर्षी विसरतात. शिवजयंतीला गडावर जाणाऱ्या लोकांची रीघ लागते, तेव्हा आमच्या आळीतली मुले रस्त्यावर पाण्याचे पिंप मांडून उभी असतात. हे कोणी शिकवावे लागत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा मानला आहे, हे आपण वाझमध्ये ऐकतो. पण तो हक्क अदा करायला शेजारी माहीत तर असावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. नाव असते म्हणून नजरही असते. मुलगी कोणाशी बोलली, सून माहेरी किती दिवस राहिली, कोणाच्या घरी आवाज चढला, याची वर्दी संध्याकाळपर्यंत पोहोचते. अफवा उठली तर तीही तितक्याच वेगाने फिरते. बाहेर कुठे काही घडले आणि मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले, की इथेही चार दिवस लोक एकमेकांकडे जपून पाहतात. तेव्हा किराणावाले काका आणि आमच्या मशिदीचे ट्रस्टी चौकातल्या टपरीवर मुद्दाम एकत्र चहा घेत बसतात. काही बोलत नाहीत, नुसते बसतात. पण तेवढ्याने गल्लीला समजते.

ज्याची उणीव भासते

गावाची बाजू घेताना खोटे बोलू नये. सासऱ्यांना पहाटे तीन वाजता छातीत दुखू लागले, तेव्हा गावात प्रथमोपचार झाले, पण पुढच्या इलाजासाठी पुण्याला न्यावे लागले. रुग्णवाहिका मिळायला पाऊण तास गेला आणि रस्त्यात दोन. शहरात असतो तर ते वाचले असते का? हा प्रश्न मला अजून छळतो. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हयात-मौत अल्लाहच्या हाती आहे, पण घरात हृदयरोगी किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर लहान गावात राहण्याचा निर्णय दहा वेळा तपासून घ्यावा.

शिक्षणाचेही तसेच. दहावी-बारावीपर्यंत शाळा-कॉलेज चांगली आहेत, पदवीचे शिक्षणही गावात होते. पण माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. त्या परीक्षेच्या तयारीसाठी तिला पुण्याला पाठवावेच लागले. ती कोंढव्यात थोरल्या नणंदबाईंकडे, तिच्या फुफूकडे राहते. एक रुपया त्या घेत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

आणि बिबट्या. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसात बिबटे राहू लागले. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, इतका हा प्रश्न मोठा आहे. तालुक्यात माणसांवर हल्ले झाले आहेत, मुले दगावली आहेत. मिस्टर रात्रपाळी करून नारायणगावहून दुचाकीने येतात, तेव्हा ते घराची कडी वाजवीपर्यंत मी जागी असते. एकदा हापूसबागेजवळ त्यांच्या दिव्याच्या उजेडात तो रस्ता ओलांडताना दिसला. घरी येऊन त्यांनी दोन तांबे पाणी प्यायले, तेव्हा कुठे बोलू शकले.

२०१८ मध्ये सरकारने जुन्नर तालुक्याला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. त्याने पाहुणे वाढले, लेण्याद्री, ओझर, शिवनेरी, नाणेघाटाला गाड्या वाढल्या, हॉटेले निघाली. पण पाहुणा संध्याकाळी परत जातो. जुने गाव टिकते ते रात्री तिथे दिवा लावणाऱ्यांमुळे. आमच्या गल्लीत अकरा घरांपैकी चारांना कुलूप आहे. कुलूप लागलेल्या घराचे छप्पर दोन पावसाळ्यांत बसते, मग ते पडते, मग पडीक जागा म्हणून विकले जाते. घुमट आणि किल्ला सरकार सांभाळेल. गल्ली कोण सांभाळणार?

घराचा हिशेब

आता त्या बैठकीकडे परत येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पुन्हा विषय निघाला. घर ठेवायचे, असे मिस्टर म्हणाले. त्यावर आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग, जे मध्यस्थ म्हणून आले होते, सहज म्हणाले, "मग सोपं आहे. बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतील. आपल्याकडे तसाच रिवाज आहे. भावाचं घर ते बहिणींचं माहेर."

थोरल्या नणंदबाई खाली बघत होत्या. धाकटीने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. दोघी काही बोलल्या नाहीत. मला त्या क्षणी मागच्या खोलीची भिंत आठवली नाही, शिवनेरीही आठवला नाही. मला कोंढव्यातल्या त्या खोलीत रात्री अकरा वाजता अभ्यास करणारी माझी मुलगी आठवली, आणि तिला दूध गरम करून देणाऱ्या तिच्या फुफू.

मिस्टर म्हणाले, "चाचा, हा रिवाज आहे, शरीयत नाही. बहिणीला हक्क सोड म्हणणं म्हणजे तिच्याकडून काढून घेणंच झालं. ती लाजेनं सही करेल, पण तशा घरात बरकत कुठून येणार?"

मग नणंदबाई बोलल्या. "मला माझा हिस्सा हवाय, भाई. खरं सांगते. मुलाची फी भरायची आहे. पण घर पाडू नका. अम्मीचा जनाजा या दारातून निघालाय."

हिशेब असा झाला. दोन मुलगे आणि दोन मुली, म्हणजे घराचे सहा भाग. प्रत्येक भावाचे दोन आणि प्रत्येक बहिणीचा एक. खरेदीदाराने दिलेली किंमत तीच धरली, कमी केली नाही. आधी दोन्ही बहिणींचे हिस्से द्यायचे, मग दिरांचे. आमच्याकडे एकरकमी तेवढे पैसे नव्हते. माझे दागिने मोडले, मिस्टरांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली आणि थोरल्या नणंदबाईंना पहिल्या महिन्यातच दिले. धाकटीला दोन वर्षांत आणि दिरांना पाच वर्षांत देण्याचे लेखी ठरले. वकिलाकडून करारनामा करून घेतला, साक्षीदार घेतले. दीर सुरुवातीला नाराज होते. आता ते म्हणतात, "ईदला मुलांना न्यायला जागा राहिली."

आम्ही अजून तीन वर्षे हप्ते भरणार आहोत. हातात सोन्याच्या बांगड्या नाहीत. पण त्या घरात मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले.

परतण्याचा विचार असेल तर

आपल्या गावच्या घराविषयी विचार करणाऱ्या वाचकांसाठी आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली, कागद आधी पाहा. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर सगळ्या वारसांची नोंद करून घ्या. वारसांत बहिणींची नावे आहेत की गाळली आहेत, ते पाहा. गाळली असतील तर घराची डागडुजी नंतर करा, आधी ती चूक दुरुस्त करा.

दुसरी, घरातला आजारी आणि घरातला विद्यार्थी यांचा विचार पहिल्यांदा करा. दवाखान्यापर्यंत रात्री किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा. शिकणाऱ्या मुलांसाठी शहरात एखादे नातेवाइकाचे घर आहे का? लहान गावात राहणारे कुटुंब शहरातल्या नातेवाइकांच्या आधारानेच उभे असते. तो आधार घ्यायचा, तर त्याची परतफेडही करावी लागते.

तिसरी, वर्षभर राहून पाहा, मग ठरवा. ईदच्या चार दिवसांत प्रत्येक गाव गोड वाटते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा, आणि मार्चमध्ये परीक्षा असतात तेव्हा गाव कसे वाटते, ते महत्त्वाचे.

चौथी, राहायचे ठरले तर पाहुण्यासारखे राहू नका. नगरपालिकेच्या सभेला जा, शाळेच्या पालकसभेला जा, शेजाऱ्याच्या सुखदुःखाला जा. घराभोवतीच्या इतिहासाचा अर्थ मुलांना सांगा, त्यातले चांगले आणि वाईट दोन्ही.

गेल्या महिन्यात मागच्या खोलीचे छप्पर दुरुस्त केले. गवंडी म्हणाला, "भाभी, ही भिंत जुनी झाली, प्लॅस्टर मारून देतो, नवीकोरी दिसेल." मी नको म्हणाले. दुपारी मुलाने वहीचे एक पान पाण्यात बुडवून त्या भिंतीला चिकटवले. संध्याकाळी ते वाळून आपोआप सुटले, एकही सुरकुती नव्हती. त्याने ते फुफूला पाठवायला ठेवले आहे.